निवडलेली माती

मला माझ्या वडिलांनी दोन वर्षं मोजून दिली होती. दुसरी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. बी.एस्सी. झाल्यावर मुलगा ब्राह्मणपुरीला परत येऊन बैलांच्या मागे लागेल अशी त्यांची समजूत होती, आणि मी पुण्याहून पत्र टाकलं की आता मातीवर संशोधन करून एम.एस्सी. होणार आहे. सुटीत घरी गेलो तेव्हा त्यांनी मला अंगणात उभं केलं, पायाखालची चिमूटभर माती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"माती दखानी व्हती ते पुनाले कसाले गया?" ते म्हणाले. "आठे काय कमी शे?"

मातीच बघायची तर पुण्याला कशाला जायचं, हे त्यांना कळेना. मग त्यांनी निकाल दिला. दोन वर्षं. तेवढ्यात ती पदवी मिळाली तर पुढचं पुढं बघू, नाही मिळाली तर त्या वर्षीच्या आषाढापासून नांगर धरायचा. नांगराची मला लाज वाटत होती असं नाही. मला तो धरताच येत नव्हता. एकदा धरला होता तेव्हा नांगराचा तास असा वाकडा गेला होता की शेजारच्या शेतकऱ्यानं वडिलांना विचारलं, बैल आजारी आहे की मुलगा. म्हणून पदवी मला हवीच होती, आणि ज्ञानाची तहान वगैरे कारणं मी पुढं मुलाखतींमध्ये सांगायला शिकलो.

आमचे प्राध्यापक मद्रासकडचे. बुटके, तुरतुरीत, दाढीवाले, आणि कोटाच्या खिशात तपकिरीच्या डबीसारखी एक इवलीशी बाटली. तिच्यात पातळ केलेलं आम्ल असे. दगड दिसला की त्यावर थेंब टाकायचा. थेंब फसफसला तर दगडात चुना आहे, नाही फसफसला तर नाही. ही सवय त्यांना इतकी जडली होती की हॉस्टेलच्या पायऱ्या, प्राचार्यांच्या टेबलावरचा कागद दाबायचा दगड, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत पाटाखालची फरशी, काही म्हणता काही त्यांनी सोडलं नव्हतं. मराठी त्यांना चार वर्षांत चार शब्द आली होती. पाणी, चहा, बस आणि चालेल. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चाले.

त्यांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. बोराएवढे, हरभऱ्याएवढे, कधी सुपारीएवढे. हे खडे जागच्या जागी मातीत तयार होतात की वरच्या बाजूनं, सातपुड्याकडून, पाण्याबरोबर वाहत येतात? आमचे प्राध्यापक म्हणत, जागच्या जागी तयार होतात, आणि म्हणून जितकं खोल जावं तितके जास्त मिळाले पाहिजेत. दुसऱ्या एका कॉलेजातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणत, वाहत येतात. दोघांनी एकमेकांविरुद्ध लेख लिहिले होते आणि दोघांपैकी एकानंही तापी पाहिली नव्हती. मला विद्यार्थी म्हणून घेण्याचं कारण प्राध्यापकांनी लपवलं नाही. तू तिथला आहेस, तुझी राहण्याजेवणाची सोय फुकट होईल, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले.

सोय खरोखरच फुकट होती, कारण माझी थोरली बहीण कळसाडीला दिलेली होती. आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण मला कडेवर घेऊन वाढवलेलं असल्यामुळे माझ्या शिक्षणाकडे ती एका मर्यादेपलीकडे आदरानं पाहू शकत नसे. तिच्या घरी तिची सासू होती. ही बाई कडक, आणि सुनेच्या हातून काही बरं झालं तर ते तिला दिसतच नसे. मेव्हणे शांत. त्यांच्या शेतात चुनखडी इतकी की नांगराचा फाळ दर हंगामाला लोहाराकडे जायचा. म्हणजे माझ्या कामाला याहून चांगलं शेत मिळणं शक्य नव्हतं.

कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर मी खड्डे घेतले. मोलगीकडून वेचणीला उतरलेली दोन माणसं खणायला मिळाली. दहा खड्डे, प्रत्येक पुरुषभर खोल, आणि प्रत्येकातून तीन खोलींवरची पाच-पाच शेर माती. तीस थैल्या. एवढा मोठा खड्डा खणायचा, त्यातून तीन थैल्या माती काढायची आणि उरलेली पुन्हा आत लोटायची, हे पाहून त्या दोघांचं हसू काही केल्या थांबेना. तिसऱ्या खड्ड्यानंतर त्यांच्यातल्या थोरल्यानं मोठ्या काळजीनं मला विचारलं, हरवलंय तरी काय?

थैल्या मी आक्काच्या ओसरीवर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीत चिठ्ठी टाकली आणि घरादाराला ताकीद दिली. एका थैलीतली माती दुसरीत जाता कामा नये. चिठ्ठ्या हरवता कामा नयेत. मातीवर पाणी पडता कामा नये. कॉलेजात ही माती मोठे साहेब स्वतः तपासणार आहेत, चाळणार आहेत, तोलणार आहेत. हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, पण मला तेव्हा मोठे साहेब हा शब्द तोंडात घोळवायला फार आवडे. मग मी खोकी बघायला शहाद्याला गेलो आणि तिथं दोन दिवस रमलो.

परत आलो तर थैल्या जशाच्या तशा. गाठी माझ्यापेक्षा चांगल्या मारलेल्या वाटल्या, पण ते मला बरंच वाटलं. खोकी भरली, खिळे ठोकले, बैलगाडीनं मोटारस्टँडवर नेली आणि गाड्या बदलत बदलत माझ्याबरोबर पुण्याला आणली. वाटेत एका हमालानं विचारलं, काय आहे एवढं जड? माती, असं मी म्हणालो, तर मी त्याची थट्टा करतोय असं वाटून तो चिडला.

प्रयोगशाळेत पहिलं काम चाळण्याचं. माती कुटून, बारीक भोकांच्या चाळणीतून गाळायची. वर जे खडे राहतील ते धुवायचे, वाळवायचे, तोलायचे. मी पहिली थैली चाळली. वर दोन मुळ्या आणि एक मेलेला किडा राहिला. दुसरी थैली चाळली. वर काहीच राहिलं नाही. दहाव्या थैलीपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या शेतात मी लहानपणी सुटीला गेलो की अंगठे फोडून घेत असे, त्या शेतातल्या पुरुषभर खोल मातीत मुगाएवढासुद्धा खडा नाही?

मी चाळणी बदलली. मग तराजूची वजनं बदलली, जणू वजन बदललं की खडा उगवेल. मग प्रयोगशाळेच्या शिपायावर संशय घेतला. तो फार मानी माणूस होता. त्यानं माझ्यासमोर आपले दोन्ही खिसे उलटे केले आणि पुढं आठ दिवस मला गरम पाणी दिलं नाही. एका दुपारी कॉलेजच्या आवारात बांधकामासाठी चुनखडीचा ढीग पडला होता, तिथून मी मूठभर खडे उचलले. हेतू चांगला नव्हता. पण जिन्यात प्राध्यापक समोर आले, मी खडे खिशात टाकले, आणि ते थैलीत टाकायचं धैर्य मला पुढं झालं नाही. सद्गुणामुळे नव्हे, कोणत्या थैलीत किती टाकावेत हे ठरेना म्हणून.

शेवटी आकडे प्राध्यापकांपुढे ठेवावेच लागले. त्यांनी सगळा तक्ता वाचला. शून्य, शून्य, शून्य. खडे खोलवर वाढत नव्हते आणि वाहतही आलेले नव्हते. ते मुळी नव्हतेच.

"एक तर तुझी माती खोटी आहे, नाही तर तुझं तोंड," ते म्हणाले. "तूच म्हणाला होतास ना, फाळ मोडतात?"

मी मान हलवली. आषाढ चार महिन्यांवर आला होता. प्रबंध आषाढाआधी दाखल झाला नाही तर वडील माझी वाट बघत होते, आणि बैलही.

"चल," प्राध्यापक म्हणाले. "आपण दोघंही जाऊन बघू."

चैत्रातल्या उन्हात आम्ही शहाद्याहून गाडीनं कळसाडीला निघालो. प्राध्यापक डोक्याला टोपी, गळ्यात ओला पंचा, आणि वाटेत ओढा आला की खाली उतरून थेंब टाकायचे. गाडीवानानं हळूच मला विचारलं, सायेब काही औषधपाणी करतात का. मी हो म्हणालो. तेव्हापासून त्यानं त्यांना सावलीच्या बाजूला बसवलं.

आक्काचं घर दिसलं आणि मी ते ओळखलंच नाही. दर्शनी भिंत पांढरीशुभ्र. ही भिंत जन्मभर शेणामातीची होती. आता दाराच्या दोन्ही अंगांना असा लखलखीत चुना दिला होता की डोळे दिपावेत. प्राध्यापकांनी कौतुकानं मान डोलावली. आक्का पदर सावरत दारात आली. साहेबांकडे सरळ न बघता मला म्हणाली,

"सायेबले सांग, ही भिंत त्यास्नीच शे."

"म्हंजे?" मी विचारलं. घरी गेलो की माझी भाषा आपोआप वळत असे.

"तुन्ह्या थैल्यासमाईन जी चुनखडी निंघनी ना, तिन्हाच हाऊ चुना शे. टोपलंभर निंघनी. वाया कसाले जाऊ देवो? जाळमा भाजी टाकी."

मी ओसरीकडे पाहिलं. "थैल्या कोनी उघाड्यात?"

"आम्हीच. तू शहादाले गयथा ना, तवय. गल्लीमातल्या समद्या बाया बठन्यात. दोन दुपार लागन्यात."

"मी सांगेल व्हतं ना, हात लावू नका?"

आक्का माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुन्हा कडेवरचा झालो. "तू सांगं, एकनी माती दुसरीमा जावाले नको. नही गई. चिठ्ठी हारपाले नको. नही हारपनी. पानी पडाले नको. नही पडनं. खडा निवडू नका, असं कोठे सांगं? तू सांगं, मोठा सायेब चाळनार शे. सायेबना घर खडानी माती धाडतस का कोनी? लोके काय म्हनतीन?"

आमच्याकडे निवडल्याशिवाय घरातून काही बाहेर जात नाही. गिरणीत जाणारी ज्वारी असो, लेकीकडे जाणारी डाळ असो, शेजारणीला उसने द्यायचे चार दाणे असोत, ते सुपात घेऊन, खडा काढून मगच द्यायचे. ज्या घरच्या दाण्यात खडा सापडतो त्या घरच्या बाईचं नाव गावभर होतं. मी या घरांतच वाढलो होतो. पाच शेर माती थैलीत भरून, गाठ मारून, मोठ्या साहेबांकडे पाठवायची म्हटल्यावर माझी बहीण काय करेल हे मला कळायला हवं होतं. भूशास्त्राची चार पुस्तकं वाचल्यामुळे ते मला कळलं नाही.

"काय म्हणते ती?" प्राध्यापकांनी विचारलं.

"म्हणते, या, बसा, उन्हातून आलात."

"एवढं लांब?"

"आमची भाषा जरा पाल्हाळीक आहे, सर."

मी त्यांना खाटेवर बसवायची घाई केली. पण समोर पांढरी भिंत आणि खिशात बाटली असताना हा माणूस बसून कसला राहतो. ते उठले, भिंतीजवळ गेले आणि थेंब टाकला. भिंत चांगली फसफसली. आक्काला वाटलं, साहेब चुन्याची पारख करतायत. तिचा चेहरा खुलला. ती आत गेली आणि सूप घेऊन आली.

पुढचं मला थांबवता आलं असतं तर मी पैजेवर थांबवलं असतं. आक्कानं कोपऱ्यातली थैली दाखवली, ती सुपात ओतल्याचं दाखवलं, दोन बोटांनी खडा उचलून बाजूला टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. मग दोन्ही हातांनी ढीग दाखवला. मग गोवऱ्या रचल्या, जाळ फुंकला, धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे चोळले, भाजलेले खडे पाण्यात टाकले आणि ते उकळले तसा तोंडानं आवाज काढला. शेवटी हातात कुंचला घेतल्यासारखं करून भिंतीवर वरखाली हात फिरवला आणि साहेबांकडे बोट केलं. प्राध्यापक तिच्याकडे बघत होते. मग ते माझ्याकडे बघायला लागले. मी आढ्याकडे.

"किती थैल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या, सर."

"आणि ती म्हणते, या, बसा, उन्हातून आलात."

ते खाटेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता हे उठतील, गाडी जुंपायला सांगतील, आणि मी इथूनच चालत ब्राह्मणपुरीला जाऊन नांगर धरीन. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. इतके हसले की ठसका लागला, मेव्हण्यांनी पाण्याचा तांब्या आणला, आणि सासूबाईंनी आतून विचारलं की सायेबाला लागीर झालंय का.

"माझ्या आणि त्या म्हाताऱ्याच्या भांडणाचा सगळा पुरावा," ते डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या बहिणीनं भिंतीला लावला."

हसणं ओसरल्यावर ते गंभीर झाले. तीनच महिने उरले होते. नवे खड्डे, नवे नमुने, चाळणं, धुणं, तोलणं. माझ्या हातानं एवढं आषाढाआधी व्हायचं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. तरी आम्ही त्याच दुपारी एक खड्डा घेतला. थैलीभर माती ओसरीवर ओतली आणि मी चाळणी काढली. आक्कानं ती चाळणी माझ्या हातातून घेतली, तिच्या भोकांकडे बघितलं आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग सूप पुढं ओढून ती बसली.

मी पाच शेर मातीला अर्धा दिवस लावत असे. तिला तंबाखू मळायला लागावा तेवढा वेळ लागला. आणि तिनं केलेले ढीग दोन नव्हते, तीन होते.

प्राध्यापक गुडघ्यांवर बसले. "तीन का? विचार तिला."

मी विचारलं. आक्कानं पहिला ढीग दाखवला. पांढरे, पिठूळ, वेडेवाकडे खडे. "ह्या भाजतस." दुसरा ढीग गोट्यांचा. "ह्या निस्ता गोटा. काही कामना नही." तिसऱ्या ढिगात काळपट, गुळगुळीत, पांढऱ्यांपेक्षा जड खडे होते. "ह्या जुना शेत. कितलाबी भाजा, काळाच ऱ्हातस. चुना देतस, पन काळा. भिंत बिघाडी टाकतस." पहिल्या खेपेलाही तिनं ते बाजूला काढून फेकून दिले होते.

प्राध्यापकांनी काळ्या खड्यावर थेंब टाकला. तो फसफसला. म्हणजे तोही चुनाच. मी असतो तर ते सगळे खडे एकाच पुडीत टाकून तोलले असते, आणि जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी तेच केलं असतं. प्राध्यापकांनी हातोडीनं एक पांढरा खडा फोडला. आत त्याच शेतातली काळी माती अडकलेली होती, म्हणजे तो याच जमिनीत वाढला होता. मग काळा फोडला. आत तांबूस, वेगळीच माती. हा दुसरीकडे कुठंतरी तयार झाला होता आणि घासत, गोल होत इथं वाहून आला होता. मग ते भिंतीला पाठ टेकून बसले आणि एका हातात पांढरा, एका हातात काळा खडा धरून राहिले.

"मीही बरोबर आणि तो म्हाताराही बरोबर," ते म्हणाले. "हे फार वाईट झालं." पण त्यांचे डोळे चमकत होते.

आम्ही आठ दिवस राहिलो. दिवसा मी खणून घ्यायचो आणि दुपारी ओसरीवर गल्लीतल्या बाया सुपं घेऊन बसायच्या. तीस थैल्या तीन-तीन ढिगांत निघाल्या. प्राध्यापक त्यांच्यात बसून स्वतः पाखडायला शिकले. पहिल्या दिवशी सगळी माती त्यांच्या दाढीत गेली.

"सायेब, मनगट हालाडा, खांदा नही," आक्कानं त्यांना सांगितलं, आणि मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच भाषांतर जसंच्या तसं केलं.

पांढरे खडे खाली जावं तसे वाढत होते. काळे फक्त मधल्या एका थरात होते. प्रत्येक ढिगाचं वजन मी वहीत उतरवत होतो, आणि वही भरत गेली तशी माझी छाती फुगत गेली. संध्याकाळी मेव्हण्यांना मी हे सगळं अशा थाटात समजावून सांगत असे की काळे आणि पांढरे मीच वेगळे केले. ते शांतपणे ऐकून घेत.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. प्राध्यापक आक्कासमोर उभे राहिले, टोपी काढली आणि मला म्हणाले, "तिला विचार. प्रबंधात आभाराचं पान असतं. तिथं तिचं नाव घालणार आहोत. आभार नव्हेत, हे वर्गीकरण तिचं आहे असं लिहायचं. चालेल?" शेवटचा शब्द त्यांनी मराठीत उच्चारला.

मी तिला सांगितलं. तेवढं खरं सांगितलं. आक्का आधी हसली. मग पदर तोंडाशी धरून तिनं जरा विचार केला.

"छापेल ऱ्हाई का?"

"हा."

"मंग टाक ना. मन्हं नाव टाक. सासूलेबी समजू दे, माले काही येस म्हनीसन."

"काय म्हणते?" प्राध्यापकांनी विचारलं.

मी म्हणालो, "नको म्हणते. आमच्याकडे बाईचं नाव असं कागदावर छापत नाहीत, सर. घरच्यांना आवडायचं नाही."

प्राध्यापकांनी मान खाली घातली. आक्काकडे बघून हात जोडले. आक्काला वाटलं, त्यांनी मान्य केलं. तिनंही हात जोडले, खुशीत. गाडी निघाली.

मी हे का केलं याची मोठी कारणं मी बरीच वर्षं शोधत होतो. परीक्षकांनी विचारलं असतं, प्रबंध तुमचा की बहिणीचा. कॉलेजात पोरांनी मला सूपवाला म्हटलं असतं. हे सगळं खरंच आहे, पण खरं कारण लहान होतं. दोन वर्षं मी मातीत हात घालून बसलो होतो आणि मला ढीग दोनच दिसत होते. तिला बघताक्षणी तीन दिसले. मला ते सोसवलं नाही. माझ्याच बहिणीचा मला हेवा वाटला, आणि ज्याच्या हातात दोन्हीकडचं बोलणं आहे त्याला हेवा करणं फार सोपं जातं.

प्रबंध आषाढाच्या आधी दाखल झाला. तोंडी परीक्षेला ते वयोवृद्ध गृहस्थच परीक्षक म्हणून आले. काळा खडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, हे वेगळे काढायचं तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणालो, निरीक्षणानं. पदवी मिळाली. वडिलांनी तो कागद उन्हाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि नांगराचा विषय पुन्हा काढला नाही.

बांधलेली प्रत घेऊन मी कळसाडीला गेलो. आक्कानं हात धुतले, पुसले आणि मगच प्रत हातात घेतली. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. तिनं ती वजन करून पाहिली. मग उघडली, माझ्यापुढे धरली.

"मन्हं नाव दखाड."

आभाराचं पान मी काढलं. प्राचार्य होते, प्राध्यापक होते, तराजू दुरुस्त करून देणारे कारागीर होते. शेवटी एक लहानशी ओळ होती. तिच्यावर मी बोट ठेवलं. त्या ओळीत टंकलेखन करून देणाऱ्या कारकुनाचे आभार होते. मी तिचं नाव वाचलं. त्याच्यापुढे तिच्या नवऱ्याचं नाव, गावाचं नाव, आणि मातीतले तीन प्रकार हिनं ओळखले, असं सगळं त्या ओळीवरून बोट सरकवत वाचून दाखवलं.

आक्कानं माझं बोट बाजूला केलं आणि त्या ओळीवर स्वतःचं ठेवलं.

"आखो वाच," ती म्हणाली. "जराखं मोठाथीन. त्या आत बठेल शेत."

आत सासूबाई जात्याशी बसल्या होत्या. जात्याचा आवाज थांबला. मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.